तेवीस जणांचा पेपर

१२ जुलै, रविवार

अगं, ऐक.

'प्रिय' लिहिलं नाही, कारण ते बघून तू पाकीटच फाडलं असतंस. हे माझं पाचवं पत्र. आधीच्या चारांचं काय केलंस ते विचारत नाही. या पत्रात प्रेमाचं काही नाही, निर्धास्त वाच.

मला काम मिळालं. मावशी ज्या शिक्षक साधन केंद्राची प्रमुख आहे, तिथंच. माझं पद काय म्हणशील, तर झेरॉक्स, लॅमिनेशन, खुर्च्या मांडणे आणि खुर्च्या काढणे. दर शनिवारी गावातल्या शाळांचे शिक्षक प्रशिक्षणाला येतात, सही करतात, चहा पितात, मावशी बोलत असते तेवढा वेळ डुलक्या काढतात आणि पुन्हा सही करून जातात. मागच्या खोलीत भिंतभर कपाटं आहेत: चित्रकार्डं, शब्दपट्ट्या, गोष्टींची पुस्तकं. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना शिकवायला लागणारं सगळं सामान. प्रत्येक भाषेला एक रंग. निळ्या पट्टीची भाषा, हिरव्या पट्टीची, पिवळ्या पट्टीची. पिवळी म्हणजे तुझी. पहिल्याच दिवशी मी ते कपाट पुसलं. दोनदा. (हे प्रेमाचं नाही, धूळ होती.) सगळी कपाटं कुलूपबंद. सामान शाळेत गेलं की फाटतं, आणि फाटलं की मावशीला जाब द्यावा लागतो, म्हणून ते कुठंच जात नाही.

आता खरी गोष्ट. मंगळवारी धक्क्याजवळच्या शाळेत तिसरीची पुस्तकं पोचवायला गेलो. चार विषय, तेवीस संच. उतरवून घेताना मोजली तर एकदा त्र्याण्णव, एकदा नव्वद. तिसऱ्यांदा मोजायला लागलो, तेव्हा व्हरांड्यातली एक अकरा-बारा वर्षांची मुलगी आली. तिनं चारही गठ्ठ्यांवरून नजर फिरवली, शेवटच्या गठ्ठ्यावर टिचकी मारली आणि एक बोट दाखवलं. एक कमी. मोजलं, खरंच एक्याण्णव!

मी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला, म्हटलं, "ही पोरगी हुशार आहे हो."

"ती? तिसरीत चाललीय ती," बाई म्हणाल्या. "सहावीतली तेवीस मुलं चाललीत. वर्षाच्या सुरुवातीची चाचणी घेतली, सगळी कोरी."

"चाचणी कुठल्या भाषेत घेतलीत?"

"म्हणजे काय? शाळेच्या."

मला तुला सांगायला नको माझ्या डोक्याचं काय होतं ते. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. पुस्तकांचा एक गठ्ठा जमिनीवर आपटला एवढंच कबूल करतो. बाई हलल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "झालं? तुला एवढं कळतं तर तूच घे की पेपर. बोलायला काय जातंय!"

मी संध्याकाळी मावशीला घेऊन शिक्षण अधिकाऱ्यांच्या दारात. मावशी अर्ध्या रस्त्यापर्यंत मला शिव्या देत होती आणि उरलेल्या अर्ध्यात अर्जाचा मजकूर सांगत होती. शुक्रवारी परवानगी आली. मुलांची त्यांच्या घरच्या भाषेत फेरचाचणी, २१ आणि २२ सप्टेंबर. अट अशी की पेपर आमच्या केंद्रानं तयार करायचे आणि त्या शाळेच्या सगळ्या शिक्षकांनी ऑगस्टपासून सहा शनिवार प्रशिक्षण पुरं करायचं. जमलं तर मुलं सहावीत. नाही जमलं तर तेवीसच्या तेवीस तिसरीत, आठ वर्षांच्या पोरांमध्ये गुडघे दुमडून.

मी हे करणार. बघशीलच तू.

काडेपेटी
(कॉलेजात तूच ठेवलेलं नाव. इथं अजून कुणाला माहीत नाही.)

२६ जुलै, रविवार

अगं,

आज माझे पाय जमिनीवर नाहीत! मागच्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी शाळेचं रजिस्टर आणलं. त्यात 'घरची भाषा' असा रकाना असतो. तेवीसही जणांपुढं निळी. मग काय, निळ्या कपाटाचं कुलूप मी पकडीनं तोडून टाकलं. मावशी म्हणाली, "किल्ली आहे माझ्याकडे, गाढवा, पकड कशाला?" मी म्हटलं, कुलूप परत लागायला नको म्हणून.

पंधरा दिवस मशीनपाशी उभा आहे. सरावाच्या पुस्तिका, शब्दपट्ट्या, भिंतीवरचे तक्ते, सगळं निळ्यात. भाषांतर बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या टंकलेखकानं करून दिलं. तीनशे पानं. लॅमिनेशनच्या वासानं जेवण जात नाही, पण कार्डं अशी गुळगुळीत झालीत की गालावरून फिरवावीत.

एक कार्ड सोबत पाठवतो. तुझी भाषा नाही ही, पण माझं काम बघ. मावशी म्हणते, कॉलेज पुरं केलं असतंस तर हेच काम खुर्चीत बसून केलं असतंस. मी म्हटलं, कॉलेजचा विषय नको. नकोच तो.

येत्या शनिवारी शिक्षकांना संच वाटणार. सोमवारी मुलांना. सोमवारी संध्याकाळी तुला कळेल मी कोण आहे ते.

काडेपेटी

९ ऑगस्ट, रविवार

कळलं मी कोण आहे ते. गाढव.

सोमवारी मुलांसमोर पुस्तिका ठेवल्या. चार जणांनी भराभर पानं उलटली. बाकीचे एकोणीस बघत बसले, शाळेच्या पुस्तकाकडे बघतात तसेच. ती टिचकी मारणारी मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती. रागानं नाही गं, कीव आल्यासारखी. ते जास्त लागलं.

मी कारकुनाकडे धावलो. "हा रकाना कसा भरता तुम्ही?"

"वस्तीवरून," तो म्हणाला. "धक्क्याच्या चाळीतली सगळी निळी. बारा वर्षं असंच भरतोय, एक तक्रार नाही."

"मुलांना विचारलं कधी?"

"ती बोलतात कुठं?"

मी त्याची टेबलावरची दौत उचलली होती. खोटं नाही सांगत, उचलली होती. पण मागून मावशी आली, माझ्या हातातून ती काढून घेतली आणि म्हणाली, "रकाना त्यानं भरला. छापलंस तू. तू तरी कुठं विचारलंस?"

मग मी शाळेच्या पायरीवर बसलो आणि मला तुझा पाठ आठवला.

या विषयावर मी पहिल्या चार पत्रांत फार हुशारीनं काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की मी अन्यायाविरुद्ध उभा राहिलो, कॉलेज सोडलं, वगैरे. आता सरळ लिहितो. तुझा सराव पाठ होता. मागे बसलेले प्राध्यापक तुझ्या उच्चारांची नक्कल करून हसले. तू थांबली नाहीस. फळ्याकडे वळून पुढचा मुद्दा लिहायला लागलीस. आणि मी उठलो. "तुम्हाला तिच्या भाषेतलं एक वाक्य तरी येतं का?" म्हणून ओरडलो, बाक उलटा केला, दार आपटून निघून गेलो. मला वाटलं, बाहेर येऊन तू माझा हात धरशील. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "माझी अजून सात मिनिटं होती."

तुला तो पाठ परत द्यावा लागला, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. मी तेव्हाही म्हणत होतो की चूक प्राध्यापकांची. त्यांची होतीच. पण ती सात मिनिटं मी घेतली. तू काय करणार होतीस ते मी विचारलं नाही.

एवढंच. क्षमा बिमा मागून तुला आणखी अडकवत नाही.

गुरुवारपासून मी आणि त्या शाळेतले दोन शिक्षक संध्याकाळी घरोघरी जातोय. तीनच प्रश्न. घरी कोण कोण आहे? त्यांच्याशी कशात बोलता? भांडता कशात? तिसऱ्या प्रश्नाला सगळे हसतात आणि खरं उत्तर देतात. चार घरं निळी, पाच हिरवी, चौदा पिवळी. चौदा घरांत तुझी भाषा, आणि मी ते कपाट फक्त पुसत बसलो होतो.

सहा आठवडे उरलेत. तीनशे पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता पिवळं आणि हिरवं छापतोय. जी कार्डं लॅमिनेट केली ती मात्र गेली.

काडेपेटी

२३ ऑगस्ट, रविवार

अगं, कालचा शनिवार! तू हवी होतीस. (हे प्रेमाचं आहे. असू दे.)

पहिले तीन शनिवार नेहमीसारखे गेले. मावशी पडद्यावरचं वाचतेय, चाळीस शिक्षक डुलतायत, मोठ्या बाई पहिल्या रांगेत शाळेच्या वह्या तपासतायत. चौथ्यासाठी मी मावशीला म्हटलं, या वेळी तू बोलू नकोस. चौदातल्या एका मुलाची आई धुलाईघरात कामाला आहे, तिला आणू. ती पिवळ्यात अपूर्णांक शिकवेल.

"तिनं कधी शिकवलंय?"

"रोज शंभर चादरी घड्या घालते ती. अर्धं, पाव, अष्टमांश, हातातच आहे तिच्या."

ती आली, हात पदराला पुसत, बगलेत दोन पांढऱ्या चादरी. शिक्षकांना आम्ही आधी काही सांगितलं नव्हतं. ती उभी राहिली आणि शिकवायला लागली. सगळं पिवळ्यात. एक शब्द शाळेच्या भाषेतला नाही. वीस मिनिटांनी प्रश्नपत्रिका, दहा प्रश्न, तीही पिवळ्यात.

काय तोंडं झाली होती सांगू! एक शिक्षक शेजाऱ्याचं बघून लिहीत होता आणि शेजारी त्याचं बघून. एका बाईंनी सगळीकडे नुसतीच बरोबरची खूण केली. मागच्या रांगेतला एक चित्रकलेचा मास्तर तिच्या बोलण्याची नक्कल करून फिदीफिदी हसला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खुर्चीच्या पाठीवर हात गेला. मग मी धुलाईघरातल्या बाईकडे बघितलं. प्रश्न वाचून दाखवणं तिचं अजून चाललं होतं. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. मी हात खिशात घातले आणि उभा राहिलो. अगं, एवढं जड काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

ती सरळ मागच्या रांगेत गेली. चित्रकलेच्या मास्तरच्या हातात चादरीचं एक टोक दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि त्याला घडी घालायला लावली. त्याचं टोक दरवेळी तिरकं. तिनं तीनदा उलगडली. चौथ्यांदा त्याची घडी जमली तेव्हा तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि एक पिवळा शब्द म्हणाली. तो शब्द त्यानं परत म्हटला. नीट म्हटला. सगळी खोली टाळ्या वाजवत होती, त्याच्यासाठी की तिच्यासाठी कोण जाणे.

मग निकाल. मोठ्या बाई, तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या, दहापैकी शून्य.

बाईंनी पेपर उलटा केला, सुलटा केला. "मला अपूर्णांक येतात," त्या म्हणाल्या.

बाई पुन्हा म्हणाल्या, जरा हळू, "मला येतात हो अपूर्णांक." आणि पेपर टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

जेवणानंतर तोच पाठ परत. पण आता चित्रकार्डं, आठ शब्दांची पट्टी आणि शेजाऱ्याशी आधी आपल्या भाषेत बोलून घ्यायची मुभा. मोठ्या बाईंना दहापैकी आठ. नवव्यासाठी त्या धुलाईघरातल्या बाईशी हातवारे करून भांडल्या, आणि तो मार्क घेऊनच बसल्या! जाताना बाई माझ्यापाशी थांबल्या. "कपाटातलं सगळं सोमवारी माझ्या शाळेत पाठव. फाटलं तर मी बघून घेईन."

मावशीनं किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्याच हातात दिला.

पिवळ्यातला चाचणीचा पेपर सोबत आहे. धुलाईघरातल्या बाईनं सांगितला, मी लिहून घेतला. तुझ्या नजरेखालून जावा एवढीच इच्छा. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. बरं, चालणार नाही, पण मी सहन करेन.

काडेपेटी

६ सप्टेंबर, रविवार

पेपर परत आला!

पत्र नाही, चिठ्ठी नाही, 'बरा आहेस ना' नाही. नुसता माझाच पेपर, लाल शाईनं माखलेला. सतरा दुरुस्त्या. चौथ्या प्रश्नाशेजारी: 'हा प्रश्न वाचणाऱ्याला कळेल, मुलाला नाही.' अकराव्याशेजारी: 'आकृती कुठे आहे?' शेवटच्या पानावर: 'वेळ वाढवा.'

मी तो मावशीला दाखवला. मशीन दुरुस्त करणाऱ्याला दाखवला. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटतं का बघत होतो. मावशी म्हणाली, "सतरा चुका काढल्यात तिनं, आणि तू बक्षीस मिळाल्यासारखा काय फिरतोस?" तिला काय कळणार! सतरा वेळा तू माझ्या कागदावर हात टेकवलास.

सगळ्या दुरुस्त्या केल्या. आकृती काढली. वेळ वाढवून मागितली, अधिकाऱ्यांनी वीस मिनिटं दिली.

आता एक गोष्ट सांगायची आहे आणि मी ती दोनदा लिहून खोडली. चाचणीच्या वेळी प्रत्येक भाषेत प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस लागतो. तो शाळेचा नको, केंद्राचा नको, मुलांचा नातलग नको. निळ्याला टंकलेखक येतोय, हिरव्याला बंदरावरचा दुभाषी. मोठ्या बाईंनी लाल शाईचा पेपर बघितला आणि विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, माझ्या वर्गात होती. बाई म्हणाल्या, "मी तिला बोलावते."

मी पत्ता दिला. माझं नाव पत्रात घालू नका असं सांगितलं. ते पत्र शाळेचं आहे, शिक्षा किंवा मेहेरबानी नाही. यायचं नसेल तर बाईंना नाही म्हणून कळव, त्या दुसरं कुणी शोधतील. माझ्या तोंडाकडे बघून ठरवू नकोस.

काडेपेटी

२७ सप्टेंबर, रविवार

प्रिय,

लिहिलं बघ. आता फाडणार नाहीस, कारण हे पत्र तू स्वतः मागितलेलं आहे.

दोन दिवस तू त्या वर्गात होतीस आणि मी व्हरांड्यात. आपण काय बोललो? "खडू." "हा घे." "पाणी?" "नको." दाराच्या फटीतून तुझा आवाज येत होता, प्रत्येक प्रश्न दोनदा, सावकाश, आणि चौदा मुलं मान खाली घालून लिहीत होती. एकदा तू थांबलीस. माझा जीव टांगणीला लागला. मग तुझं हसू ऐकू आलं, आणि मागून चौदा जणांचं. काय झालं होतं ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

बस सुटताना तू खिडकीतून म्हणालीस, "पत्रं फार लांब लिहितोस." मी म्हटलं, सगळी वाचलीस? तू म्हणालीस, "निकाल कळव." बस गेली. मी केंद्रापर्यंत पळत आलो, कशासाठी ते माहीत नाही.

तर निकाल कळवतो.

एकवीस सहावीत. दोघं पाचवीत. तिसरीत एकही नाही!

टिचकीवाल्या पोरीला गणितात पन्नासपैकी एकोणपन्नास. एक मार्क गेला तो माझ्या आकृतीमुळे. तिनं म्हणे कडेला लिहिलंय की ही रेष तिरकी आहे. अधिकाऱ्यांनी काल शाळेत येऊन यादी वाचली. प्रत्येक नावाला मुलं अशी ओरडत होती की पुढचं नाव ऐकू येत नव्हतं, शेवटी त्यांनी यादी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, तुम्हीच या बघायला. धुलाईघरातली बाई कामावरून तशीच आली होती. तिच्या मुलाचं नाव दिसलं तेव्हा ती आणि चित्रकलेचे मास्तर एकमेकांचे हात धरून उभे होते. दोघांच्या मध्ये शब्द बहुतेक आठच, पण त्यांचं चाललं होतं. पुढच्या महिन्यापासून आणखी सहा शाळांचे शिक्षक येणार. पहिला पाठ तिचाच, आणि तिच्यासाठी रीतसर पत्र निघालंय.

आता एक गंमत. मोठ्या बाईंनी आज सकाळी मला बोलावलं आणि खाली तिसरीच्या वर्गात नेलं. तिथं मागच्या बाजूला अकरा मोठे बाक ओळीनं मांडलेले. सहावीचे.

"जूनमध्येच आणून ठेवले होते मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मुलं मोठी आहेत, लहान बाकांवर त्यांचे पाय मावायचे नाहीत." मग चष्मा काढला, पण पुसला नाही. "इतकी खात्री होती मला."

बाक वर सहावीच्या वर्गात न्यायचे, आणि शाळेचा शिपाई सुट्टीवर. मी म्हटलं, उद्या माणसं आणतो. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी मुलं येतील. धर ते टोक."

तर हे पत्र मी जिन्याच्या मधल्या वळणावर, त्याच बाकावर बसून लिहितोय. बाई धापा टाकतायत. अर्ध्या तासात हा पहिलाच बाक इथवर आलाय, कारण भिंत घासू नये म्हणून आम्ही तो तीनदा फिरवला आणि तिन्ही वेळा माझंच चुकलं असं ठरलं. त्यांनी विचारलं, "एवढं काय लिहितोयस?" मी म्हटलं, निकाल कळवतोय. त्यांनी हात पुढं केला. आता मुख्याध्यापिकेला कागद नाही कसा म्हणणार? खालचं त्यांच्या हातचं आहे.

*चि. सौ. नव्हे, अजून नुसतीच चि. मुलीस आशीर्वाद. तुझी परीक्षा मार्चमध्ये संपते असे समजले. जूनपासून आमच्याकडे सहावीसाठी पिवळी भाषा जाणणाऱ्या शिक्षिकेची जागा मंजूर झाली आहे. अर्ज करावा. आमच्या शाळेत पाठ चालू असताना मागून कोणी बोलत नाही, मी बोलू देत नाही. हा मुलगा कामाला चांगला आहे. त्याने कॉलेजचा राहिलेला अभ्यास बाहेरून पुरा करण्याचा फॉर्म काल भरला, हे तो तुला सांगणार नाही म्हणून मी सांगते.*

सांगणार होतो. शेवटी, सहज म्हणून.

जागेचं तू ठरव. मला आधी कळवायचीही गरज नाही, अर्ज शाळेकडे जातो. हो म्हणालीस तर इथला जिना अरुंद आहे आणि बाई रोज भेटतात, एवढं लक्षात ठेव. नाही म्हणालीस तर पत्रं लांबच येत राहतील.

वरून पोरांचा आवाज येतोय. रविवार असून सहाजण कुठून आलीत देव जाणे, आणि मला न विचारता बाकाचं दुसरं टोक धरून उभी आहेत. त्यातला एक शाळेच्या भाषेत ओरडतोय, "सर, उचला!"

मला सर म्हणाला. ऐकलंस?

उचलतो.

काडेपेटी